सोलापूरचा शरद आणि लहान लेकरं: घट बसल्यापासून दिवाळीपर्यंत काय काय करावं

शरदात लहान मुलांना घेऊन काय करायचं, हे इंटरनेटवर शोधलं की लाल-पिवळ्या पानांचे ढीग, भोपळे आणि सफरचंदं समोर येतात. सोलापुरात हे काही नसतं. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आश्विनात इथे नेमकं उलटं चाललेलं असतं. परतीचा पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो, काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरली जाते, बांधावर गवत गुडघ्याएवढं होऊन बी धरतं आणि तलावांवर पाहुणे पक्षी उतरू लागतात. म्हणून इथल्या मुलांसाठी शरद हा पेरायचा आणि रोज बघायचा ऋतू आहे. या लेखातले बहुतेक उद्योग त्याच अंगाने निवडले आहेत. ते दीड ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहेत. पहिल्यांदाच करून बघणारे आईबाबा, आजीआजोबा किंवा बदली होऊन सोलापुरात नव्याने आलेलं घर, कोणालाही जमतील असे आहेत.

सगळे करायचे नाहीत. तीन निवडा आणि नीट करा. लहान मुलाला दहा नव्या गोष्टी दाखवण्यापेक्षा एकच गोष्ट दहा दिवस बघू दिली तर त्याला जास्त मिळतं.

आधी उन्हाचं गणित

सोलापूरची ऑक्टोबर हीट हलक्यात घेऊ नका. पारा 32-33 अंशांवर असला तरी पाऊस थांबल्यावरचं ते ऊन टोचतं आणि हवेत दमटपणा असतो. बाहेरचं काहीही सकाळी 9 च्या आत किंवा संध्याकाळी 5 नंतर करा. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि दिवाळीपर्यंत पावणेसहाकडे सरकतो. म्हणजे संध्याकाळी हातात जेमतेम तासभर असतो. मातीचं, पाण्याचं काम सकाळी ठेवा. दुपारी घरात कागदकाम.

बाहेर जाताना पाण्याची बाटली, सुती टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट. चपला नकोत, कारण या दिवसांत वाटेवर गोखरूचे काटे असतात. डासही याच महिन्यांत वाढतात, त्यामुळे संध्याकाळच्या उद्योगाला पाय झाकलेले बरे.

घट आणि चंद्र: एकाच दिवशी सुरू होणारी दोन कॅलेंडरं

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि त्याच दिवसापासून चंद्र वाढायला लागतो. मुलांसाठी हा योग फार कामाचा आहे. खाली जमिनीत एक गोष्ट वाढते, वर आकाशात दुसरी, आणि दोन्ही रोज दिसतात.

देवघरातल्या घटाला मुलांनी सारखा हात लावलेला घरच्यांना चालत नाही, तर मुलाचा वेगळा छोटा घट करून द्या. नारळाची करवंटी किंवा वीतभर रुंदीची बांबूची टोपली घ्या. टोपलीत आधी पत्रावळ किंवा केळीचं पान अंथरा. त्यावर दोन इंच माती. निव्वळ काळी माती घेतली तर पाणी घातल्यावर तिचा चिखल होतो आणि वाळल्यावर भेग पडते, म्हणून तीन मुठी मातीला एक मूठ वाळू मिसळा. गहू आणि ज्वारी रात्री भिजत घाला, सकाळी निथळा. दोन्हीचे मिळून दोन चमचे पुरे. मुलाला चिमटीने पसरू द्या, वरून पाव इंच माती भुरभुरवा आणि हाताने दाबा.

पाणी रोज तीन-चार चमचे. इथेच सगळ्यांचं चुकतं. मुलांना पाणी घालायला आवडतं, ती तांब्या ओततात आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी येऊन आंबूस वास सुटतो. मुलाच्या हाती तांब्या देऊच नका. चमचा द्या आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन असं ठरवून टाका. हरभरा पेरलात तर तो आधी कुजतो, म्हणून पहिल्या वर्षी गहू-ज्वारीवर थांबलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतील, पाचव्या दिवशी बोटाएवढी पाती येईल आणि दसऱ्यापर्यंत ती पाच-सहा इंच होईल. आकडे न येणाऱ्या मुलालाही ही वाढ मोजता येते. रोज संध्याकाळी सर्वांत उंच पातीला दोरा लावा, तेवढा कापा आणि भिंतीवरच्या कागदावर आदल्या दिवशीच्या दोऱ्याशेजारी चिकटवा. दसऱ्याला दोऱ्यांचा जिना तयार होतो.

चार वर्षांपुढच्या मुलासाठी आणखी एक करा. दोन वाट्यांत सारखंच पेरा, एक खिडकीत ठेवा आणि एक कपाटात. कपाटातली पाती पिवळी आणि जास्त लांब होते, खिडकीतली हिरवी आणि आखूड राहते. कारण लगेच सांगू नका. आधी त्याला काय वाटतं ते विचारा आणि मग कपाटातली वाटी उजेडात आणून ठेवा. दोन दिवसांत ती हिरवी होते आणि उत्तर त्याचं त्यालाच मिळतं.

उगवलेली पाती चावायला मात्र देऊ नका. कोवळ्या ज्वारीत विषारी अंश असतो. गुरांनाही ती बाधते, म्हणून शेतकरी जनावरं त्या रानात सोडत नाहीत.

आता चंद्र. कागदावर वाटी ठेवून पंधरा गोल काढा. शुक्ल पक्षातला चंद्र दिवेलागणीलाच दिसतो, त्यामुळे मुलांना जागवावं लागत नाही. प्रतिपदेला तो दिसणार नाही, तो गोल काळा करा. द्वितीया-तृतीयेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली बारीक कोर दिसते, ती शोधायला गच्चीवरच जावं लागतं. अष्टमीला संध्याकाळी अर्धा चंद्र दक्षिणेला बराच वर असतो. कोजागिरीला सूर्य पश्चिमेला मावळतो त्याच सुमारास पूर्ण चंद्र पूर्वेला उगवतो. त्या दिवशी साडेपाचलाच गच्चीवर जा, म्हणजे दोन्ही बघता येतील. ढग आले तर त्या दिवसाच्या गोलात ढग काढायचा. रिकामा गोल सोडला की मूल हिरमुसतं.

कोजागिरीचं दूध लहानग्यांसाठी वेगळं काढा. लिटरभर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा, चार चमचे साखर, चिमूटभर वेलची-जायफळ आणि केशराच्या चार काड्या. जायफळ जास्त घालू नका. सुकामेव्याचे तुकडे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात, त्यांच्या पेल्यात बदाम-पिस्त्याची बारीक पूडच घाला.

हादगा

कुठे नवरात्रात तर कुठे सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यापासून, म्हणजे साधारण 27 सप्टेंबरपासून, हादगा किंवा भोंडला खेळतात. मध्ये पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, पारंपरिक गाणी म्हणायची. लहानांसाठी दोन-तीन गाणीच ठेवा. पंधरा मिनिटांपुढे फेर टिकत नाही.

त्यांना खरी मजा येते ती खिरापत ओळखण्यात. डबा बंद ठेवून तो हलवायचा, आवाज ऐकवायचा, मग वास द्यायचा, मग गोड की तिखट एवढंच सांगायचं. आवाज, वास, चव हा क्रम मोडू नका, त्यात मुलांचा कान आणि नाक कामाला लागतं. मुरमुरे, राजगिऱ्याची वडी, केळ्याच्या फोडी, शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू असं काही ठेवा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहानांच्या डब्यात नकोत.

पाटावर हत्ती रांगोळीने काढण्याऐवजी मुलांना डाळ-तांदळाने भरू द्या. बाह्यरेषा खडूने तुम्ही काढा, पोट त्यांनी भरावं. दोन वर्षांचं मूल तूरडाळ नाकात घालू शकतं, त्याच्या हाती रंगीत खडूच द्या.

मोज्यांचा फेरफटका

हा उद्योग फुकट आहे, तासाभराचा आहे आणि सोलापूरच्या माळाला अगदी साजेसा आहे. आश्विन-कार्तिकात गवताचं बी पिकतं आणि कपड्यांना चिकटतं. ते का चिकटतं हे मुलांना दाखवायचं.

मोठ्या माणसाचे जुने लोकरी किंवा जाड सुती मोजे मुलाच्या बुटांवरून चढवा आणि दहा मिनिटं गवताच्या कडेने चालवा. विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारासारखी जागा, घराजवळचा मोकळा प्लॉट किंवा ओळखीच्यांचा बांध, काहीही चालतं. घरी येऊन मोजे पांढऱ्या कागदावर काढा आणि चिकटलेलं एकेक बी वेगळं करा. आघाड्याचं बी आणि गोखरूचा काटा हटकून निघतील. कुसळी गवत असेल तर कुसळं मिळतील, आणि तीच सर्वांत गमतीची. लांब शेपटीचं वाळलेलं कुसळ बशीत ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. ते गरागरा वळायला लागतं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. मुलं हे पुन्हा पुन्हा करायला लावतात. बशीत एका वेळी दोनच कुसळं ठेवा, कारण टोक अणकुचीदार असतं आणि कातडीत रुततं.

शेवटी तो मोजा मातीच्या कुंडीत आडवा पुरून वर पाणी घाला. आठ-दहा दिवसांत त्यातून काहीतरी उगवतं. काय उगवेल ते आधी सांगता येत नाही, आणि वाट बघण्यात मजा त्याचीच.

वाटेत कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तरवडाची पिवळी फुलं दिसतील, ती तोडायला हरकत नाही. पण या सहा झाडांची ओळख मुलाला पहिल्याच दिवशी करून द्या. गाजरगवताला पांढरी बारीक फुलं आणि गाजरासारखी पानं असतात. त्याने अंगावर पुरळ उठतं, शिंका येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. धोतरा, कण्हेर आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, म्हणूनच सर्वांत धोक्याची. माहीत नसलेलं फळ-बी तोंडात घालायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा आणि तो रोज म्हणून घ्या.

सापांचाही हा काळ आहे. घोणस आणि फुरसं गवतात, दगडांखाली असतात. पुढे मोठ्याने चालावं, काठी आपटत, आणि मुलाला दगड उलटू देऊ नये. दंश झालाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. मुलाला चालू न देता, तो भाग हलू न देता 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखान्यात न्या.

दसऱ्याची पानं आणि झेंडू

आपट्याची फांदीच्या फांदी ओरबाडून आणण्यापेक्षा मुलाला झाडाखाली न्या आणि पडलेली पानं वेचू द्या. पान मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. मग ठसे. पान पालथं ठेवा, शिरा वर यायला हव्यात. त्यावर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरून घासा. टोकाने घासलं तर कागद फाटतो. पिंपळ आणि आपटा यांचे ठसे स्वच्छ येतात. कडुनिंबाचं पान बारीक असल्यामुळे ते निसटतं, ते आधी गोंदाच्या एका ठिपक्याने खाली चिकटवा.

दसऱ्याचा झेंडू वाळला की टाकू नका. फूल देठाकडून पिळून उघडलं की आत काळ्या बारीक काड्या निघतात, त्यांना फिकट शेंडी असते. ते बी. कागदी पाकिटात घालून वर मुलाचं नाव लिहा आणि जूनमध्ये पेरा. संकरित फुलांच्या बियांना आईसारखीच फुलं येतील असं नाही, पण उगवतं.

किल्ला

यावर थोडा जास्त वेळ घालवूया, कारण दिवाळीच्या सुट्टीतला हा सर्वांत मोठा उद्योग आणि सोलापूरच्या मातीत तो फसण्याची कारणंही खास इथलीच.

आधी खरा किल्ला दाखवा. सोलापूरचा भुईकोट शहराच्या मध्यात, सिद्धेश्वर तलावाला लागून आहे. मुलाला सगळा इतिहास सांगायची गरज नाही. दुहेरी तटबंदी, बुरूज, खंदक, एकामागून एक येणारे दरवाजे आणि तटावरची जंगी (बंदुकीसाठी ठेवलेली भोकं), एवढ्या पाच गोष्टी शोधायला लावा. प्रत्येक सापडली की कागदावर एक खूण. मग घरी बांधताना तो सांगतो, ‘इथे बुरूज पाहिजे.’ भुईकोट सपाट जमिनीवरचा आहे हेही मुलांच्या लक्षात आणून द्या. म्हणजे अंगणात उंच डोंगर उभारायलाच हवा असं नाही, आणि लहान हातांना सपाट किल्ला सोपा जातो.

सामान, तीन फूट बाय अडीच फूट किल्ल्यासाठी: अर्ध्या-तुटक्या विटा किंवा दगड 12-15, चार घमेली काळी माती, दीड घमेलं मुरूम किंवा चाळलेली वाळू, ओंजळभर बारीक चिरलेला कडबा किंवा भुसा, दोन जुनी गोणपाटं, 50 ग्रॅम अळीव, थोडा गेरू. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सगळं निम्मं करा आणि गॅलरीत जाड प्लास्टिकवर बांधा.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांत तडकतो. मुरूम किंवा वाळू घातली की आकसणं कमी होतं, आणि कडब्याचे तुकडे मातीला धरून ठेवतात. हे प्रमाण चुकवू नका.

लक्ष्मीपूजनाच्या आठ-नऊ दिवस आधी सुरुवात करा.

1. माती उन्हात वाळवून चाळा. काच, खिळे, काटे मोठ्यांनी काढायचे. कोरडी ढेकळं पाण्यात टाकली की चटकन विरघळतात, अर्धवट ओली असली तर तासन्‌तास तशीच राहतात. म्हणून वाळवणं टाळू नका.

2. माती रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मुरूम आणि कडबा घालून मुलांना पायाने तुडवायला लावा. हे काम त्यांचंच. चिखल हातात घेऊन गोळा वळला आणि छातीएवढ्या उंचीवरून टाकल्यावर तो चपटा झाला पण फुटला नाही, की माती तयार.

3. जागा भिंतीपासून वीतभर लांब, अर्धवट सावलीची निवडा. भिंतीला टेकवून बांधलं तर भिंतीत ओल जाते. भर उन्हात बांधलं तर वरचा थर आधी वाळतो आणि सुटतो.

4. विटा-दगड रचून उंचवटे करा. उंची दीड फुटाच्या वर नेऊ नका. रचलेलं हलवून बघा. डगमगत असेल तर मूल टेकताच कोसळेल.

5. गोणपाट पातळ चिखलात बुडवून, पिळून त्यावर पसरा. मग चिखलाचे थर, प्रत्येक थर बोटभर जाडीचा. एकदम जाड थर लिंपला की बाहेरून वाळतो आणि आतून ओला राहतो. भेगा तिथूनच सुरू होतात. एक थर सुकत आला की दुसरा.

6. बुरुजांसाठी स्टीलचा पेला आतून ओला करून त्यात वाळू भुरभुरवा, चिखल दाबून भरा आणि उलटा करून ठोका. वाळू घातली नाही तर बुरूज पेल्यातच अडकतो. पायऱ्या पट्टीने, दरवाजा चमच्याने.

7. अळीव पंधरा-वीस मिनिटं थोड्या पाण्यात भिजवा. त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं. ते धुऊ नका. त्या चिकटपणामुळेच बी उतारावर टिकतं, मोहरी घरंगळते. मुलांना बोटांनी ते ओल्या चिखलावर फासू द्या. वर दोन दिवस ओलं फडकं टाका, नाहीतर मुंग्या आणि चिमण्या बी नेतात. दोन-तीन दिवसांत कोंब, सहा-सात दिवसांत हिरवळ.

8. पाणी फक्त फवाऱ्याने. झाकणाला सुईने भोकं पाडलेली बाटली पुरते.

भेग पडलीच तर तीवर सुका चिखल थापू नका, तो खपली होऊन पडतो. आधी भेग ओली करा, मग वाळू जास्त असलेला पातळ चिखल बोटाने आत दाबा. तळ्यासाठी ताटली पुरा आणि पाणी रोज बदला, त्यात डास होतात. परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावरही येतो, म्हणून एक प्लास्टिकचा कागद आणि चार विटा हाताशी ठेवा. आणि किल्ल्यावर, किल्ल्याशेजारी फटाके नकोत. वाळलेला कडबा आणि गोणपाट पेट घेतं.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला याच कोपऱ्यात वेगळं घमेलं, थोडा चिखल आणि दोन वाट्या द्या. मोठ्या भावंडाचा बुरूज वाचवायचा हाच एक खात्रीचा उपाय.

आकाशकंदील

कामट्यांचा कंदील सात वर्षांखाली जमत नाही. त्यांच्यासाठी कागदी फुगीर कंदील करा. घोटीव कागदाचा 28 बाय 20 सेंटीमीटरचा तुकडा लांबीच्या बाजूने दुमडून 28 बाय 10 करा. दुमडीच्या बाजूने दोन-दोन सेंटीमीटरवर चिरा द्या, मोकळ्या कडेला अडीच सेंटीमीटर सोडून. उलगडा. पिवळ्या कागदाची 28 बाय 15 ची नळी आतून करा. आता बाहेरच्या कागदाची वरची कड नळीच्या वरच्या कडेला आणि खालची कड खालच्या कडेला चिकटवा. बाहेरचा कागद पाच सेंटीमीटर जास्त असल्यामुळे चिरा बाहेर फुगतात. खाली झिरमिळ्या मुलांनी फाडून लावाव्यात, कात्रीची गरज नाही.

गोंद बोटाने पातळ लावा. ब्रशने थापला तर घोटीव कागद सुरकुततो आणि रंग उतरतो. आत अर्ध्या वॅटचा एलईडी बल्बच लावा. जुना झिरोचा बल्ब तापतो, आणि पणती कागदी कंदिलात कधीच ठेवू नये.

पाहुणे पक्षी

दिवाळी झाली की एक सकाळ तलावावर. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव किंवा विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव, ज्याला बरेच जण अजून कंबर तलाव म्हणतात. सातच्या आत पोहोचा. लांब पायांचा शेकाट्या, काळा पाणकावळा, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली आणि पांढऱ्या चोचीचा वारकरी, हे चार लहान मुलांना दुर्बिणीशिवाय ओळखता येतात. टिबुकलीने बुडी मारली की ती वर येईपर्यंत मोठ्याने अंक मोजायचे. काठापासून दहा पावलं लांब उभं राहा. पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो आणि पाय रुततो.

तेवढंही जमत नसेल तर धोबी पक्षी शहरातच बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो उत्तरेकडून येतो आणि शेपटी सारखी वरखाली हलवत मैदानात, ओल्या जागेत फिरतो. मुलं लगेच त्याची नक्कल करतात.

नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. माळढोक दिसेल असं मुलाला सांगून नेऊ नका, तो आता फार दुर्मीळ झाला आहे. काळविटांचे कळप मात्र दिसण्यासारखे असतात, आणि हिवाळ्यात माळावरून खालून उडणारे भोवत्या हे शिकारी पक्षीही. जाण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात परवानगी आणि वेळेची चौकशी करा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिथे कंटाळा येतो.

बादलीतली ज्वारी

ज्यांना एकच उद्योग करायचा आहे त्यांनी हा करावा. दसऱ्याला पेरा, म्हणजे सोलापूरच्या रानातली रब्बी आणि तुमच्या गच्चीतली बादली बरोबरीने वाढतील. जमलं तर त्याच आठवड्यात ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात तिफण (पेरणीचं अवजार) चालताना दाखवून आणा.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली धुऊन घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. दोन भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. नुसती काळी माती भरली तर ती आकसून कडेने फट पडते आणि पाणी तिथून सरळ वाहून जातं. बी दुकानातलं नको. त्याला बहुधा औषध लावलेलं असतं आणि ते मुलाच्या हातात द्यायचं नसतं. घरातली मालदांडी ज्वारी चालते. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवा, सातांना मोड आले तर दाणे चांगले.

इंचभर खोल आठ-दहा दाणे टोका. पंधरा दिवसांनी जोमदार तीन रोपं ठेवून बाकीची उपटा. काही रोपांचा मधला पोंगा (कोवळा शेंडा) वाळतो आणि ओढला की हातात येतो. ती खोडमाशीची अळी. असं रोप काढून टाका, आधी जास्त दाणे टोकले ते यासाठीच. दिवसाचं सहा तास ऊन हवं. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी. कमरेएवढं झालं की काठीला सैल बांधा, गच्चीवरच्या वाऱ्याने ज्वारीचं ताट, म्हणजे खोड, मोडतं.

डिसेंबरच्या मध्यापासून कणीस बाहेर पडतं. दाणे भरायला लागले की पोपट आणि चिमण्या येतात, कणसावर जुन्या मलमलीची पिशवी सैल बांधा. संक्रांतीपासून पुढे दर तीन-चार दिवसांनी मुलाला एक दाणा नखाने दाबायला सांगा. पांढरं दूध उडालं तर अजून थांबायचं. दाणा मऊ पण दुधाशिवाय दबला की कणीस काढून निखाऱ्यावर भाजा, दोन तळव्यांत चोळा, फुंकून कोंडा उडवा. एका कणसाचा मूठभर हुरडा निघतो. शेंगाचटणी लहानांना तिखट होते, त्यांना गुळाचा खडा द्या.